मिरेनची ऑक्टोबरची यादी

आमच्या हॉलिस गावाचा महापौर कोण, असं विचारलं तर निम्मे लोक डोकं खाजवतील. पण मिरेन उरिआर्ते कुठे राहते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एवढंच नाही, दारापर्यंत आणून सोडेल, कारण तिच्या दारातून कुणी रिकाम्या पोटी परत जात नाही हे त्या पोरालाही ठाऊक असतं.

मी ऑरिन टिबेट्स. चौतीस वर्षं कालव्यावर पाटकरी होतो. कुणाच्या कांद्याला किती पाणी सोडायचं यावरून शिव्या खाण्यात माझा जन्म गेला. आता रिटायर झालोय आणि मिरेनची गाडी चालवतो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून घे म्हटलं की म्हणते, "कांद्याचा हंगाम संपू दे." तिच्या परसात कांद्याचं एक रोपही नाही.

आमचं गाव ओरेगनमध्ये आणि समोरचं प्रूएट आयडाहोमध्ये. मधे स्नेक नदी आणि एक पूल. आमच्याकडे दुकानात विक्रीकर नाही, पण पगारातून इन्कम टॅक्सचा लचका मोठा जातो. तिकडे पावाच्या लादीवरसुद्धा सहा टक्के कर, पण पगाराला कात्री जरा हलकी लागते. त्यामुळे तिकडचे लोक फ्रीज घ्यायला इकडे येतात आणि इकडचे लोक राहायला तिकडे जायची स्वप्नं बघतात. आमच्या मोठ्या दुकानासमोर शनिवारी उभं राहा, दहातल्या सात गाड्यांवर आयडाहोची पाटी दिसेल. इथे लग्न ठरवताना सुद्धा पहिला प्रश्न हाच येतो, की राहणार कुठल्या काठावर.

या प्रश्नाचं खरं उत्तर सबंध खोऱ्यात एकाच बाईकडे आहे, आणि ती आमच्या गावची आहे. हे सांगताना माझी छाती फुगते, आणि ती का फुगू नये हे मला कळत नाही.

मिरेनचा बाप समुद्रापलीकडून आलेला बास्क धनगर. डोंगरात हजार मेंढ्या राखायचा. मिरेनने स्वतः एकोणतीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं. रोज चारशे पोरांना जेवू घातलं आणि एकालाही गाजर टाकून उठू दिलं नाही. माझी तिन्ही मुलं तिच्या डोळ्यांदेखत गाजरं गिळून मोठी झाली. नवरा शाबिएर गेला त्याला अकरा वर्षं झाली. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत, आणि बोलताना समोरच्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची सवय, डॉक्टर नाडी बघतो तशी.

यादीची सुरुवात भांडणातून झाली. तिचा दीर मार्टिन प्रूएटला राहायचा. नोव्हेंबरातल्या टर्कीच्या जेवणाला दरवर्षी येऊन ऐकवायचा, "वहिनी, तुम्ही ओरेगनवाले म्हणजे खिशाला भोक पाडून हिंडता." एका वर्षी मिरेनचं डोकं फिरलं. तिने एकतीस वस्तू कागदावर लिहिल्या. पीठ, अंडी, लाल घेवडा, तिखट सॉसेज, साबण, मुलांचे मोजे, गाडीचं तेल. त्या दोन्ही काठांवर खरोखर विकत घेतल्या. नुसते भाव टिपून आणले नाहीत. ती म्हणते, फळीवर लिहिलेली किंमत वेगळी आणि गल्ल्यावर मोजलेली वेगळी. मग घरभाडं, वीज, शाबिएरचा पगार, कर, सगळं दोन रकान्यांत मांडलं. तीन आठवडे ती रोज त्यावर बसत होती. शेवटी निघालं की दिराचंच खरं. त्याच्या घराला वर्षाकाठी चार डॉलर स्वस्त पडत होतं.

दुसरी कुणी असती तर कागद चुलीत घातला असता. ही बाई पूल ओलांडून गेली, मार्टिनच्या दाराची घंटा वाजवली आणि म्हणाली, "चार डॉलरने तुझं खरं. आता पुढच्या वर्षी तोंड बंद ठेवून जेव." मार्टिन मरेपर्यंत ही गोष्ट लोकांना सांगायचा, आणि सांगताना त्याचा सूर जिंकल्याचा नसायचा.

तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मिरेनची यादी निघते. त्याच एकतीस वस्तू, तेच वजन, दोन्ही काठांवर. दोन पावत्या वाचनालयाच्या फळ्यावर लागतात. जास्तीचा माल चर्चच्या शिधाघरात जातो. मग वर्षभर लोक तिच्याकडे येतात. नर्सा येतात, मास्तर येतात, तुरुंगावरचे पहारेकरी येतात. "मिरेन, आम्ही पलीकडे जावं का?" ती त्यांना बसवते, सूप वाढते आणि विचारते. पगार कुठल्या काठावर होतो? घरात खाणारी तोंडं किती? गाडी रोज कोण किती चालवतं? आठवड्याने त्यांच्या हातात एक कागद देते. खाली एक आकडा आणि कुठला काठ स्वस्त ते. स्वतःचं मत म्हणून एक शब्द लिहीत नाही. पैसे घेत नाही. लोक भोपळे आणून ठेवतात, आणि ते खाऊन खाऊन आता मला भोपळ्याची शिसारी आली आहे.

कायद्याच्या बाबतीत ती फार कडक. प्रूएटचे लोक इकडून माल नेतात, त्यावर त्यांनी घरी जाऊन आपल्या राज्याला कर भरायचा असतो. भरतो कोण? मिरेन मात्र तो कर कागदात धरते. मी म्हटलं, "अगं, सबंध जिल्ह्यात तो कर एकट्या पाद्रीबाबांनी भरला असेल, तोही चुकून." ती म्हणाली, "मग माझा कागद पाद्रीबाबांसाठी आहे असं समज."

गेल्या वर्षी सप्टेंबरात तिच्याकडे कागद मागायला आला तो तिचा स्वतःचा मुलगा.

आंदोनी आमच्या काठावर पाटबंधाऱ्याच्या पंपांवर मेकॅनिक आहे. माझ्याच हाताखाली शिकला. तो, त्याची बायको शेल्बी आणि दोन मुली मिरेनपासून चार घरं सोडून भाड्याने राहायचे. शाळेची बस मिरेनच्या फाटकासमोर थांबते. रोज तीन वाजून वीस मिनिटांनी त्या दोघी दप्तरं व्हरांड्यात फेकून "अमुमा, भूक!" असं ओरडत आत शिरायच्या. अमुमा म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. तिथून पुढे साडेपाचपर्यंत मिरेनचा दिवस असायचा. बाकीचा दिवस ती त्या दोघींची वाट बघण्यात घालवायची, हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण दुपारी अडीचनंतर तिला पत्त्यांच्या डावात एक पान धड टाकता यायचं नाही.

तर आंदोनी आला आणि फोन तिच्या नाकासमोर धरला. आईला तो आमा म्हणतो. "आमा, हे बघ. इंटरनेटवर दोन्ही राज्यांची तुलना आहे. आयडाहोत आमचे वर्षाला सात हजार चारशे डॉलर वाचतात. प्रूएटच्या पुढे एक घर मिळतंय. ऑक्टोबरअखेर इथला करार संपतो."

मिरेनने चष्मा पुसला. "हे ओरेगन म्हणजे कुठलं?"

"ओरेगन म्हणजे ओरेगन."

"म्हणजे पोर्टलंड. चारशे मैलांवरच्या शहरातलं भाडं तू माझ्या डोक्यावर मारतोस होय? मी राहते हॉलिसला. इथे एका खोलीचं भाडं ऐकून पोर्टलंडचा माणूस हसून मरेल."

"आमा, मग तूच कर ना. जसा सगळ्यांना करून देतेस तसा. तू म्हणशील ते मान्य."

तो गेल्यावर मिरेन बराच वेळ सिंकपाशी उभी होती. प्रूएटच्या पुढचं ते घर म्हणजे सहाच मैल. डोळे धड असलेल्या माणसाला सहा मैल म्हणजे काहीच नाही. पण गाडी न चालवणाऱ्या बाईला मधे नदी असली की झालं. आणि तिकडे गेल्यावर मुली तिकडच्या राज्याच्या शाळेत जाणार. ती बस या फाटकासमोर कशाला थांबेल?

"मला त्यांनी जायला नको आहे, ऑरिन," ती म्हणाली. पाठमोरीच होती. "हे तुला सांगून ठेवते. कागदाला सांगणार नाही."

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी तिने मला कागद दाखवला. शनिवारच्या पावत्या तेवढ्या भरायच्या राहिल्या होत्या, त्यात फार फरक पडणार नव्हता. मी वाचला आणि टेबलावर हात आपटला. आंदोनीने तीच चूक केली होती जी आमच्याकडचा प्रत्येक शहाणा एकदा करतो. त्याला वाटलं, बिऱ्हाड पलीकडे नेलं की ओरेगनचा इन्कम टॅक्स सुटला. अरे बाबा, पगार ओरेगनात मिळतो ना? मग तू चंद्रावर राहायला गेलास तरी ओरेगन त्या पगारावर आपला वाटा घेणारच. आणि वर तिकडे पावालाही सहा टक्के. कागदाचा निकाल असा, की हॉलिस वर्षाला चारशे डॉलरने स्वस्त.

"राहिले!" मी ओरडलो. "मिरेन, पोरं राहिली!"

ती हसली. मग उठून कपाटातली शाबिएरची दारूची बाटली काढली आणि दोघांना एकेक घोट ओतला. इतकी खूश मी तिला त्याच्या माघारी पाहिली नव्हती. रविवारी जेवण झाल्यावर आंदोनीला वाचून दाखवायचं ठरलं.

शनिवारी आम्ही यादी घेऊन निघालो. सकाळी हॉलिस उरकलं, दुपारी प्रूएटच्या दुकानात गेलो. मिरेन मोज्यांचं पाकीट डोळ्याजवळ धरून वाचत होती आणि मी गाडा धरून उभा होतो. तेवढ्यात समोरून शेल्बी आली. अंगात दाताच्या दवाखान्याचा निळा गणवेश, छातीवर नावाची पट्टी, हातात सँडविच. आम्हाला बघून ती जागीच थिजली.

"शेल्बी, तू इथे कशी?" मिरेनने विचारलं.

"मी... तीन आठवडे झाले आमा, इथे लागले. शाळेच्या ऑफिसातलं सोडलं. इथे पगार बरा आहे." तिचे कान लाल झाले होते. "आंदोनीला माहीत आहे. तुम्हाला नको सांगू असं मीच म्हटलं. तुम्हाला वाटलं असतं, हिने पूल ओलांडायला सुरुवात केली."

"पगार किती?"

शेल्बीने सांगितला. मिरेनने तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, "सँडविच खा, सुट्टी संपेल," म्हणाली आणि मोज्यांकडे वळली. मला वाटलं, संपलं.

आम्ही गाडीत बसून निघालो. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पुलाचा अर्धा भाग लागला. शेल्बीचा पगार आता आयडाहोत. ती हॉलिसला राहते तोवर आयडाहो आपलं कापणार आणि वरचा फरक ओरेगन मागणार. तिकडे राहायला गेली, तर तिच्या पगारापुरतं ओरेगनचं तोंड बंद. कागदावर मिरेनने दोघांचे पगार आमच्याच काठावर धरले होते.

"हे बघ," मी म्हटलं, "तू तिला पाहिलंच नाहीस."

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑरिन. मेंदूत नाही."

"ती स्वतःच म्हणाली ना, आमांना सांगायचं नव्हतं म्हणून! तिचं गुपित आहे. तू राखलंस. यात पाप कुठलं?"

"गाडी नीट चालव."

"आंदोनी मेला तरी हे शोधून काढणार नाही. त्याला स्वतःचाच टॅक्स कळला नाही, बायकोचा काय कळणार? आणि कागदात खोटं काहीच नाही. जेव्हा लिहिलास तेव्हा तुला माहीत नव्हतं. आहे तसा वाच आणि सोड. एकदाच, मिरेन. तीस-बत्तीस वर्षांत एकदा स्वतःसाठी."

तिच्या फाटकाशी सामान उतरवताना म्हणाली, "तू माझा चांगला मित्र आहेस, पण हिशेबाला नालायक." आणि दार लावून घेतलं. रात्रभर माझा जीव टांगणीला. पण मनातून मला पुरतं वाटत होतं, की वाचेल ती जुनाच कागद. कोणतीही आई वाचेल.

रविवारी चर्चनंतर आम्ही सगळे तिच्या टेबलाभोवती. मेंढीच्या मटणाचा रस्सा, लाल घेवडा, पाव. मुली परसात गेल्या तशी मिरेनने ताटं बाजूला सारली आणि घडी उलगडली. दोन पानं होती.

तिने पहिलं पान वाचलं. आंदोनीचं तोंड उतरत गेलं. "म्हणजे माझा टॅक्स सुटणारच नाही?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. "तुझा पंप नदी ओलांडून येणार असेल तर सुटेल." शेल्बी मान खाली घालून बसली होती. हॉलिस चारशे डॉलरने स्वस्त, इथपर्यंत आलं.

मिरेनने पान उलटलं.

"हे पहिलं पान चुकीचं होतं. शेल्बीचा पगार मी भलत्या काठावर धरला होता." आणि तिने शेल्बीचा पगार, तिचा सुटणारा कर, दवाखान्यापर्यंतचं वाचणारं पेट्रोल, सगळं ओळीने वाचलं. आवाज तोच खणखणीत. खाण्यापिण्याच्या करापोटी आयडाहो माणशी थोडी सूट परत देतं, ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. तीही चौघांची धरली होती. "प्रूएट तेराशे बारा डॉलरने स्वस्त," असं म्हणून तिने चष्मा काढला.

मग आंदोनी म्हणाला, "आमा, तुला वाटतं आम्ही जावं?"

"मला वाटतं तुम्ही जाऊ नये. मला वाटतं त्या पोरी रोज तीन वीसला माझ्या दारात यायला हव्यात. त्या आल्या नाहीत तर मी काय करेन हे मला ठाऊक नाही." तिने पाण्याचा घोट घेतला. "हे माझं झालं. कागदाचं तुम्हाला वाचून दाखवलं. तेराशे डॉलर म्हणजे पोरींचे दात आहेत, बूट आहेत. तुम्ही भाड्याच्या घरात चाळिशी गाठलीत."

माझ्याने राहवेना. मी बोलून गेलो, "शेल्बी, मी काल हिला म्हटलं होतं, दुसरं पान लिहू नको." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

शेल्बीने मान वर केली. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी सासू-सुनेचं कधी फारसं जमलं नव्हतं. एकमेकींशी हवापाण्याचंच काय ते बोलायच्या. आता ती सरळ मिरेनकडे बघत होती. "आमा, नुसतं पहिलं पान वाचून थांबला असतात तर आम्ही राहिलो असतो. आम्हाला कधीच कळलं नसतं."

"हो."

"मग का वाचलंत?"

मिरेनने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "या टेबलावर बसून इतक्या वर्षांत मी दीडशेच्या वर घरांना 'तिकडे स्वस्त' असं लिहून दिलंय. माणसं माझ्या शब्दावर बिऱ्हाड उचलून गेली. त्यांच्याही आया याच काठावर राहत होत्या, शेल्बी."

आंदोनीने दोन्ही पानं घडी करून खिशात घातली. अठ्ठावीस तारखेला त्यांनी घर हलवलं. सोफ्याचं पुढचं टोक मी धरलं होतं आणि मागचं मिरेनने. सोडायला सांगितलं तरी ट्रकमध्ये चढेपर्यंत तिने ते सोडलं नाही.